खरड्या

दुकानदार म्हणाला होता, काच साफ करतो हा,
तुम्हाला हातसुद्धा लावावा लागणार नाही.
सव्वाचार डॉलर. करंगळीएवढा.
निहारने नाव ठेवलं खरड्या.
दिवे घालवले की तोंडाची ती गोल चकती
काचेवर उमटायची,
टपालाचा शिक्का बसावा तशी.

वीतभर झाला, मग वीत ओलांडली.
टाकीत वळता येईना.
एकदा फिल्टरमध्ये अडकून पाठीवरचा पंख फाटला,
कोपऱ्यातून, बोटभर,
तो पुन्हा भरून आला नाही.
त्याच वर्षी घर बदललं. नव्या करारात होतं:
पाळीव प्राणी चालणार नाहीत, माशांसकट.

मारायचं कसं, मला माहीत नव्हतं.
सोडायचं कसं, ते सगळ्यांनाच माहीत असतं.

सॅन मार्कोस नदी, पुलाच्या अलीकडे,
रात्री साडेनऊ, रंगाची रिकामी बादली.
आठ वर्षांचा निहार म्हणाला, जा, मोठा हो.
मी म्हणाले, सुखी राहा.
परतताना गाडीत दोघांनाही
पुण्य केल्यासारखं हलकं वाटत होतं.

आता दर शनिवारी त्याच काठावर बसते
वजनकाटा घेऊन.
लोरेन कायकेंडॉल, वय सदुसष्ट, पाण्यात बुडी मारते,
वर येते तेव्हा भाल्यावर एक चिलखत तडफडत असतं.
नंतरही बराच वेळ. तासन्‌तास.
पाण्यावाचून मासा लगेच मरतो
ही आपली समजूत
बहुतेक दुसऱ्या माशांवर बेतलेली असावी.

काठाला बिळं पाडलीत त्यांनी, कोपरापर्यंत हात जाईल अशी.
एक सायप्रस नदीकडे कलला आहे.
पाण्याखाली इथला भात,
प्रवाहात केस मोकळे सोडल्यासारखा,
जगात दुसरीकडे कुठेच नाही म्हणतात.
मी विचारलं, चवीला कसा असतो?
लोरेन हसली.
खाऊन बघण्याइतका उरलाय कुठे.

आणि डार्टर. बोटाच्या पेराएवढा मासा,
शेवाळात अंडी घालतो.
ती हे खरडून नेतात, शेवाळासकट,
काच साफ करावी तशी.

पत्रकात यांना परके म्हटलंय.
पहिल्या दिवशी तो शब्द वाचून मी इकडेतिकडे पाहिलं.
कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.
बरं, मी तरी मुलाखत देऊन आले होते, शिक्के घेऊन.
हा कुठे आला?
याला आणला. बादलीतून.

मादी चिरली की बुंदी सांडते, केशरी.
इस्पितळात मी रक्तपेशी मोजते, मोजायची सवय आहे,
पण तीनशेच्या पुढे अंदाजच लिहिते.
वहीत रकाने: लांबी, वजन, नर की मादी.
शेवटचा रकाना, कुठून आला.
तिथे सगळेच फुली मारतात. माहीत नाही.
मीही मारते.
फक्त त्याआधी, कुणाचं लक्ष नसताना,
प्रत्येकाचा पाठीवरचा पंख
पत्त्यांसारखा उलगडून बघते.

निहार आता डेन्व्हरला. रविवारी फोनवर विचारतो,
आई, खरड्या असेल का गं अजून?
चौदा वर्षं झाली.
असेल की, म्हणते, तिथलं पाणी बारा महिने कोमट.
शनिवारी मी कुठे असते
ते त्याला सांगितलेलं नाही.

परवा एक आला. हातभर लांब.
पंख कोपऱ्यात फाटलेला.
भाल्याने की फार पूर्वी, कळायला मार्ग नव्हता.
त्याचं तोंड माझ्या हातमोज्याला चिकटलं,
सुटेना.
शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून बसून राहिले,
शाईचा ठिपका पसरत गेला,
आणि पाण्यातून लोरेन ओरडली,
झालं का? पुढचा घे.